झाकली मूठ

माझं काम तसं बिनचेहऱ्याचं.
जगभरातून लोक प्रथिनांचे आकार पाठवतात,
मी तपासते:
अणू एकमेकांच्या उरावर बसले नाहीत ना,
पाण्याचे रेणू कुणी हौसेनं शिंपडलेत का.
मग नोंदीला चार अक्षरांचं नाव मिळतं
आणि फॉर्मच्या तळाशी एक प्रश्न उरतो:
लगेच खुलं करायचं, की थांबायचं?

बहुतेक जण थांबतात.

केंब्रिजच्या दक्षिणेला, ओल्या कुरणांकाठी
आमची इमारत. फेब्रुवारीत चारलाच अंधारतं.
अशाच एका चारला उप्सालाहून नोंद आली,
हेडविग स्ट्रोमबेर्गची.
त्सेत्से माशी चावल्यावर जो जीव रक्तात उतरतो
आणि माणसाला झोपवत झोपवत नेतो,
त्याचं प्रथिन.
शेऱ्यात लिहिलं होतं: साडेपाच वर्षं लागली.
आकार देखणा, काटेकोर,
फक्त जिथे औषध जाऊन बसायचं
तिथलेच माळेतले अकरा मणी गायब.
ते वळण हलत असतं, त्याचा फोटो येत नाही.
थांबायचं. एक वर्ष.

नऊ दिवसांनी साप्पोरोहून, किरिबायाशींची नोंद.
तेच प्रथिन.
बाकी सगळं धूसर, पाण्याखालून पाहिल्यासारखं,
पण ते एक वळण
श्वास रोखून उभ्या राहिलेल्या मुलासारखं स्थिर.
थांबायचं. एक वर्ष.

त्या संध्याकाळी मी एकटीच होते.
दोन्ही आकार एकमेकांवर ठेवले.
तुटलेला कान कपाला बसावा
तसे बसले.
मी स्क्रीन बंद केली,
खाली जाऊन सायकलचं कुलूप काढलं
आणि बराच वेळ ते हातातच धरून उभी राहिले.

सांगता येत नाही. सही केलेली आहे मी.
आणि नियम वाईट आहे असंही नाही.
एका मुलानं पहिल्याच दिवशी सगळं खुलं केलं होतं,
त्याचं चार वर्षांचं काम
एका श्रीमंत प्रयोगशाळेनं सहा आठवड्यांत छापलं.
तो आता लीड्सला छपरांवर सोलर पॅनल बसवतो.
ख्रिसमसला कार्ड पाठवतो. त्यात तक्रार नसते.

जूनमध्ये आमच्याच सभागृहात बैठक झाली.
बारा देश, हजारो प्रथिनं, नवं धोरण:
आकार तयार झाला की दार उघडं.
हेडविग उठून म्हणाल्या,
"राबायचं आम्ही, आणि पंगत जगाची?"
तीन रांगा मागे किरिबायाशी बसले होते.
सगळ्यात आधी टाळी त्यांनी वाजवली.

चहाच्या वेळी दोघं शेजारी उभे.
हवेबद्दल बोलले. हंसांबद्दल.
त्यांच्यामध्ये हातभर अंतर
आणि त्या अंतरात अकरा मणी,
ते फक्त मला दिसत होते.
ग्वेनलियननं कोपरानं ढोसलं, "अगं, कुठे आहेस?"
मी दुधाचं भांडं पुढे केलं.
एवढंच माझ्या अखत्यारीत होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
इथे दोन मुठी होत्या.
वर्षभर मी त्यांच्या मधल्या खुर्चीवर बसून
पाण्याचे रेणू मोजत राहिले.

मग एका बुधवारी पहिली मूठ उघडली,
पुढच्या बुधवारी दुसरी.
कुठे काही वाजलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात कंपालाहून ईमेल आलं,
कुणी बिरुंगी, विद्यार्थिनी, लॅपटॉप उधारीचा.
तुमच्या दोन नोंदी एकमेकींवर ठेवून पाहिल्या,
असं तिनं लिहिलं होतं,
हरवलेलं वळण नेमकं बसतंय.
रात्रभर झोपले नाही.
शेवटी एक ओळ:
हे आधी कुणाच्या लक्षात आलं होतं का?

कर्सर लुकलुकत राहिला.
बाहेर कुरणात धुकं, धुक्यात कुणाची तरी गाय.

मी ठरलेला मजकूर निवडला:
आपला संदेश मिळाला. आभारी आहोत.
त्याखाली, नियमात नाही तरी,
माझं नाव टाकलं.